घरात पेशंट, घरात मावशी: सेवा आणि मान याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढल्यावर आता मी घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्या मावशींना आणि ब्रदरना शिकवते. वर्गात मावशी जे विचारतात आणि फोनवर घरचे जे विचारतात, ते पुष्कळदा एकाच खोलीत पडून असलेल्या माणसाबद्दल असतं. म्हणून दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

‘व्यक्तिकेंद्री सेवा’ म्हणजे नक्की काय?

दोन पेशंट घ्या. दोघांनाही लकवा, दोघांचीही उजवी बाजू गेलेली. एक काका आयुष्यभर पहाटेची पहिली एसटी काढणारे ड्रायव्हर. दुसऱ्या बाई ग्रंथपाल, रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसायची सवय. दोघांनाही सकाळी सहाला उठवून स्पंजिंग केलं, सातला नाश्ता भरवला, तर मावशीच्या वहीत दोन्ही कामं वेळेवर झाली. काकांना बरं वाटेल. बाईंचा मात्र दिवस उजाडतानाच बिघडला, आणि दुपारी ‘पेशंट चिडचिड करते’ अशी नोंद झाली.

बाईंना नऊला उठवलं असतं तर काय बिघडलं असतं? औषधांच्या वेळा जुळवता येतात. आजाराला काय हवं हे बघायचंच, पण हा आजार ज्या माणसाला झालाय त्याचं आजवरचं जगणं कसं होतं हेही बघायचं, आणि त्याप्रमाणे दिवस लावायचा. एवढाच अर्थ आहे.

हा विचार डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, बाबतीत ठामपणे मांडला तो इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी. स्मृती गेली तरी माणूसपण जात नाही, ते आसपासच्या लोकांच्या वागण्याने टिकतं किंवा खचतं, असं त्यांचं म्हणणं. माणसाला खच्ची करणारी वागण्याची १७ रूपं त्यांनी नोंदवली होती. लहान मुलासारखं वागवणं, त्याला झेपणार नाही इतक्या घाईने बोलणं-करणं, समोर असून नसल्यासारखं धरणं, दोष देणं, टिंगल करणं, ही त्यांतली काही. यांत मारहाण नाही. चांगल्या घरांत, चांगल्या माणसांच्या हातूनही हे रोज होतं, आणि माझ्याही हातून वॉर्डात झालेलं आहे.

पेशंटला काय हाक मारायची? ‘आजी’ म्हटलं तर चालतं ना? (मावशींचा प्रश्न)

पहिल्या दिवशी विचारायचं: “मी तुम्हाला काय म्हणू?” ‘आजी’ ऐकून कोणाला माया वाटते. कोणी बासष्ट वर्षांच्या असतात, पडून मांडीचं हाड मोडलेलं असतं, त्यांना ‘आजी’ टोचतं. शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना ‘बाई’ म्हटलं की त्या उशीवर जरा सावरून बसतात, हे मी पाहिलंय. कोणाला ‘काका’, कोणाला ‘साहेब’, कोणाला आडनावाला ‘राव’ लावून. डिमेन्शियाच्या काही आज्यांना सासरचं नाव ओळखीचं वाटत नाही, माहेरच्या नावाला मात्र लगेच ओ देतात. त्यांच्या बहिणीला किंवा भावाला फोन करून ते नाव विचारून घ्या.

दुसरं, अहो-जाहो सोडायचं नाही. “चल, ऊठ, तोंड उघड” हे प्रेमाने म्हटलं तरी ऐशी वर्षांच्या माणसाला अरे-तुरेच असतं. त्यांनी स्वतः होऊन “मला अगं म्हण” म्हटलं तर गोष्ट वेगळी. “शी झाली का बाळाला?” हेही नको. “संडासला जायचंय का?” हे सरळ मराठी आहे आणि त्यात कोणाची लाज जात नाही.

आणि आपलं नाव सांगायचं, रोज. इंग्लंडमधल्या केट ग्रेंजर या डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या. रुग्णालयात आपल्याला हात लावणारी कित्येक माणसं नावही सांगत नाहीत हे त्यांना लागलं, आणि २०१३ साली त्यांनी ‘हॅलो, माझं नाव अमुक’ ही मोहीम सुरू केली. २०१६ साली त्या गेल्या, मोहीम अजून चालू आहे. “नमस्कार बाई, मी सुनीता, आज दिवसभर मी आहे” याला पाच सेकंदं लागतात.

अंघोळ आणि डायपरच्या वेळी आई हात झटकते, ओरडते. काय करावं? (घरच्यांचा)

आधी तिच्या जागी आडवं पडून विचार करा. जिने सत्तर वर्षांत नवऱ्यासमोरही दिवा लावून कपडे बदलले नाहीत, तिच्या अंगावरची चादर एक अनोळखी बाई एका झटक्यात ओढते. दार उघडं, हॉलमध्ये टीव्ही, नातू आत-बाहेर करतोय. ओरडेल नाही तर काय?

म्हणून क्रम असा ठेवा. दार लावायचं, पडदा ओढायचा. मग समोर येऊन, नजर मिळवून सांगायचं, “बाई, आता पाठ पुसते हं.” त्यांचा चेहरा, मान हलते का बघायची. होकार दिसल्यावर हात लावायचा, आणि मावशी, तो हात गरम पाण्यात बुडवून ऊबदार केलेला असू द्या. सगळी चादर कधीच काढायची नाही. ज्या भागाला पाणी लावायचं तेवढाच उघडा, बाकी अंग टॉवेलने झाकलेलं. पुसला की तो भाग झाकून पुढचा उघडायचा. तोंड आणि हात त्यांना स्वतःला पुसता येत असतील तर रुमाल ओला करून त्यांच्या हातात द्यायचा. वेळ लागतो, पाणी सांडतं. लागू दे, सांडू दे. स्वतःचं तोंड स्वतः पुसायला मिळणं फार मोठं असतं.

कूस बदलताना “एक, दोन, तीन” मोजून वळवा, न सांगता लोटू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची ती बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून. म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा कोणीतरी त्या अंगाला हात लावतं. तो हात कसा लागतो यावर त्या माणसाचा अख्खा दिवस ठरतो.

काही बायकांना ब्रदरच्या हातून डायपर बदलून घेणं मरणासारखं वाटतं, आणि काही पुरुषांना मावशींच्या हातून. मावशी-ब्रदर पाठवणाऱ्या ब्युरोला फोन करतानाच हे पेशंटला विचारून ठरवा. ‘पेशंटला काय कळतंय’ असं म्हणून सोडून देऊ नका. कळतं.

पेशंट नाही म्हणाले तर? औषध, जेवण, फिजिओ, कशालाच तयार नसतात.

‘नाही’ ऐकल्यावर जबरदस्ती करायची नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. नाही का, ते शोधायचं. गोळी घशात अडकते का? कवळी टोचते का? भात रोज मिक्सरमधून काढून एकाच रंगाचा लगदा होतोय का? एक काका फिजिओला ठाम नकार देत होते. तीन दिवसांनी कळलं, की फिजिओचा मुलगा बुटांनिशी खोलीत यायचा आणि समोर देवाचा फोटो होता. बूट दाराबाहेर गेले, काकांचा पाय उचलला जाऊ लागला.

पंधरा मिनिटांनी परत विचारा. दोन पर्याय द्या: “आधी चहा की आधी गोळी?” सगळंच दुसरे ठरवायला लागले की माणसाच्या हातात ‘नाही’ हा एकच शब्द उरतो.

कायद्याचंही यात म्हणणं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो, की माहिती समजणं, निर्णयाचे परिणाम उमगणं आणि तो निर्णय बोलून, खुणेने किंवा इतर कशाने सांगता येणं, एवढं जमत असेल तर आपल्या मानसिक आरोग्याच्या उपचाराबद्दल ठरवायला ती व्यक्ती सक्षम मानायची. आणखी एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं: निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून ती व्यक्ती सक्षम नाही असं ठरवता येत नाही. बाकीच्या आजारांतही मी हाच विचार धरते. मधुमेह असलेल्या आजींना एकादशी धरायचीच असेल, तर ‘हट्टी आहे’ म्हणून भांडण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून इन्सुलिन आणि फराळ कसा जमवायचा ते ठरवा. औषधाचा डोस मात्र मनाने बदलायचा नाही.

बाबा रोज संध्याकाळी “मला घरी जायचंय” म्हणतात. ते घरीच आहेत. खरं सांगायचं की खोटं?

६० वर्षांपुढच्या भारतीयांत सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा देशपातळीवरच्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे अंदाजे ८८ लाख. हा प्रश्न पडणारं तुमचं घर एकटं नाही.

“अहो, हेच घर आहे तुमचं” असं दहा वेळा सांगून पाहिलं असेलच. त्याने त्यांची भीती वाढते, कारण मग सगळं जगच त्यांना खोटं वाटायला लागतं. “उद्या जाऊ” हेही रोजचं झालं की पोकळ होतं. मी विचारते, “कसं आहे तुमचं घर? अंगणात काय आहे?” मग विहीर येते, गोठा येतो, आई दिसते. त्यांना पुष्कळदा ते घर नको असतं, त्या घरातली ऊब हवी असते. त्या गप्पांत मी खोटं काही बोललेले नसते. तेवढ्यात चहा होतो, दिवे लागतात, शुभंकरोती म्हणायची सवय असेल तर ती म्हणायची. जुन्या ओव्या, अभंग, आरत्या शब्द विसरलेल्या माणसालाही येतात.

एकदम दोन दिवसांत गोंधळ वाढला, मारायला धावले, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, कुठेतरी दुखणं, नवीन औषध, ही कारणं म्हातारपणी अशीच दिसतात. डॉक्टरांना लगेच कळवा. आणि रोज सकाळी सगळ्यात आधी चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन लावा. ऐकूच येत नसलेल्या माणसाला आपण गोंधळलेला समजतो.

डॉक्टर पेशंटशी न बोलता आमच्याशीच बोलतात. आम्हालाही आजार त्यांच्यापासून लपवावासा वाटतो. चूक आहे का?

“यांना शुगर आहे का? हे जेवतात का?” हे पेशंटच्या डोक्यावरून, त्याच्या देखत चाललेलं बोलणं ऐकलं की मला आजही वाईट वाटतं. तुम्ही सोबत असाल तर एवढं करा: “डॉक्टर, बाबाच सांगतील,” असं म्हणा आणि थांबा. बाबांना शब्द जुळवायला वेळ लागेल. ती शांतता मोडू नका.

लपवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लपवण्यामागे माया असते, पण पेशंटला बहुतेक वेळा कळलेलं असतं. सगळे डोळे चुकवतात, सूनबाई एकदम गोड बोलायला लागते, लांबचे नातेवाईक भेटायला येतात. मग तोही तुमच्यासाठी न कळल्याचं दाखवतो, आणि एका घरात राहून सगळे एकटे पडतात. सगळं एका दमात सांगून टाका असंही मी म्हणत नाही. डॉक्टरांनी त्यांनाच विचारावं, “रिपोर्टबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय? की मी मुलाशी बोलू?” काहीजण “मुलाशीच बोला” म्हणतात. मग तो त्यांचा निर्णय झाला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि तो रुग्णाचा आहे.

मावशींशी आम्ही कसं वागावं? पगार तर देतोच. (घरच्यांचा)

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण माझा अनुभव असा, की जिथे मावशीचा मान राखला जात नाही तिथे पेशंटचा राखला जाण्याची मुळीच खात्री नसते. जिला दिवसभर कोणी नावाने हाक मारली नाही, ती रात्री तीन वाजता तुमच्या आईला मायेने नाव घेऊन उठवेल ही अपेक्षा जास्त आहे.

‘मावशी’ हा शब्द गोड आहे, पण त्याआड नाव पुसलं जातं. मी घरच्यांना विचारते, “मावशींचं नाव काय?” आणि पुष्कळ घरांत सहा महिन्यांनीही उत्तर येत नाही. ‘सुनीतामावशी’ म्हणा. तीही तुम्हाला ‘ताई’, ‘दादा’ म्हणते, त्यात बरोबरी येते.

वेगळा कप, वेगळी ताटली हा प्रकार अजून आहे. तुमच्या आईची उलटी आपल्या ओंजळीत धरणाऱ्या बाईला फुटक्या कानाचा कप वेगळा ठेवताना थांबा आणि विचार करा. “कोणत्या समाजाची आहे?” असं ब्युरोला विचारणारे फोन मी ऐकले आहेत. हा प्रश्न विचारायचा नाही. पेशंटच आजवरच्या सवयीने “तिच्या हातचं खाणार नाही” म्हणाले, तर त्यांच्या म्हातारपणाचा मान राखा, पण मावशीसमोर त्यांची बाजू घेऊ नका. पेशंटशी स्वतः बोला, आणि मावशीला खोलीबाहेर नेऊन सांगा, की या घराला हे मान्य नाही.

बारा तासांच्या ड्युटीत जेवायला निवांत अर्धा तास हवा. चोवीस तासांच्या ड्युटीत झोप हवी. पेशंट रात्रभर जागा असेल तर दुसरं माणूस बघा, कारण चोवीस तास जागं राहणं कोणालाच जमत नाही. पाठ टेकायला जागा, बॅग ठेवायला कपाटाचा कोपरा, वापरायला स्वच्छ संडास. आठवड्याची सुट्टी आधीच ठरलेली. कामं कोणती हेही पहिल्याच दिवशी बोला: पेशंटचे कपडे आणि भांडी तिची, सगळ्या घराची नाहीत.

आणि पेशंटकडून किंवा घरातल्या कोणाकडून अंगचटीचा त्रास होत असेल, तर ‘म्हातारं माणूस आहे, दुर्लक्ष कर’ असं मावशीला सांगू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरही कामाचं ठिकाण धरलेलं आहे, आणि जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

खोलीत कॅमेरा लावावा का?

मुलं पुण्यात नाहीत, ऑस्टिनला किंवा दुबईला आहेत, काळजी खरी आहे. पण तो कॅमेरा मावशीइतकाच तुमच्या आईकडेही बघतो. डायपर बदलताना आपली आई फोनच्या पडद्यावर दिसावी हे तिला चालेल का, हे तिला विचारलंत का? लावायचाच असेल तर आईला आणि मावशीला सांगून, हॉलमध्ये किंवा दाराकडे तोंड करून लावा, आणि अंगाची सेवा चालू असताना बंद ठेवा. लपवलेला कॅमेरा नको. मला विचाराल तर रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं व्हिडिओ कॉल करा, आणि त्यातली पाच मिनिटं मावशीशी बोला.

मला राग येतो. कधीकधी हात उचलावासा वाटतो. (दोघांचाही)

हे बोललात हे चांगलं झालं. पेशंटच्या अंगाला धोका होणार नाही असं निजवून, पलंगाचा बाजूचा कठडा (साइड-रेल) वर करून खोलीबाहेर जा. पाणी प्या, कोणाला तरी फोन करा, मग परत या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. सांभाळणाऱ्यांनीही तो लावावा. ज्येष्ठांना कोणी त्रास देत असेल, घरचे असोत की बाहेरचे, तर १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

जवळीक किती असावी? उसने पैसे, साडी, दागिने?

माया हवीच. पैशाचा व्यवहार पेशंट आणि मावशी यांच्यात थेट नको, घरच्या एकाच माणसामार्फत होऊ द्या. दिवाळीची साडी उघडपणे, सगळ्यांसमोर. चोरीचा आळ येतो तो बहुतेक वेळा वस्तू हरवल्यावर, आणि डिमेन्शियात वस्तू ठेवलेल्या जागा विसरणं रोजचं असतं. म्हणून दागिने आधीच काढून, यादी करून ठेवा. मावशीचं संरक्षण त्यात आहे.

मावशी बदलली की सगळं पहिल्यापासून. काही उपाय?

एक पानभर मजकूर लिहा आणि पलंगाजवळ लावा. औषधांचा तक्ता वेगळा. या पानावर माणूस लिहायचा, आणि शक्य असेल तर पेशंटनेच सांगून. उदाहरणार्थ: “मला बाई म्हणा. चहा बिनसाखरेचा पण कडक. डावा कान चांगला, त्या बाजूने बोला. अंधार नको, रात्री छोटा दिवा. दुपारी आकाशवाणी. पायाला हात लावण्याआधी सांगा, गुदगुल्या होतात. लेकाचं नाव काढलं की रडू येतं, तेव्हा नुसतं जवळ बसा.” रात्रपाळीची नवीन मावशी एवढं वाचून आत गेली, तर अनोळखी म्हणून जात नाही.

शेवटच्या दिवसांत काय वेगळं करायचं?

त्यांना काय हवं होतं ते आधीच विचारून ठेवलेलं असलं तर बरं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी उपचारांबद्दलचं इच्छापत्र (लिव्हिंग विल), म्हणजे शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतं. बोलता येतंय तोवर हा विषय काढा. घरी की आयसीयूत, नळ्या हव्यात की नकोत, कोण जवळ हवं.

मग सेवा थोडीच उरते, पण ती बारीक असते. ओठ ओल्या कापसाने टिपायचे, पाठीखाली चुरगळलेली चादर सरळ करायची. उत्तर येत नसलं तरी बोलायचं, “बाई, कूस बदलते हं,” पहिल्या दिवसासारखंच. उशाशी बसून वाटण्या आणि खर्चाचं बोलणं करू नका.

ते गेल्यावर शेवटची अंघोळ घालताना, इतके दिवस रोज ती घालणाऱ्या मावशीला विचारा, तिला थांबायचंय का. त्या दिवशी तिचं माणूसही गेलेलं असतं आणि कामही. हिशेब त्याच संध्याकाळी दारात उभं करून करू नका, पण महिना अर्धाच झाला म्हणून पैसेही कापू नका. आणि तेराव्याला तिला जेवायला बोलवा, सगळ्यांच्या पंगतीत.